एक्क्याण्णव टक्के

२ सप्टेंबर

शिक्का कपाटात ठेवला, किल्ली मंडळाच्या अध्यक्षांना दिली. कालपासून बियाण्यांचा कायदा एकच — राज्याचा. आमच्या खोऱ्याच्या मंडळाचा नियम संपला. आजवर माझ्या खोलीत उगवण तपासल्याशिवाय इथे बी विकता येत नसे, आणि माझा शिक्काही नऊच महिने चाले. आता विक्री थांबवायची नाही, निकाल बाहेर सांगायचा नाही. फक्त राजधानीला "कळवायचं".

अध्यक्ष म्हणाले, "या कायद्याच्या बाजूने समितीपुढे तुम्हीच बोललात ना? मग आता तोंड पाडून का बसलात?"

बोलले होते खरं. एका खोलीतल्या एका माणसाच्या हाती हे सगळं असू नये, असं म्हणाले होते. का म्हणाले, ते मात्र सांगितलं नव्हतं.

३ सप्टेंबर

दादा कांद्याच्या बियांचा डबा घेऊन आला. "बघ गं जरा. राज्याची चिठ्ठी आहे, पण तुझी नजर फिरली की मी निर्धास्त." चिठ्ठीवर उगवण एक्क्याण्णव टक्के. एक ऑक्टोबरपासून अर्धं खोरं हेच बी टाकणार.

चार ओले कागद, प्रत्येकावर शंभर बिया. दादासाठी. निकाल घरातल्या घरात सांगितला तर चालतं का? कायद्यात शोधलं. नाही सापडलं.

९ सप्टेंबर

सहावा दिवस. शंभरात बावीस. कुजका वास. अजून सहा दिवस थांबायचं. घाई करू नकोस — एकदा केली होतीस!

११ सप्टेंबर

लिहूनच टाकते. चार वर्षं झाली.

घेवडावाल्या काकू स्वतः राखलेलं बी बाजारात विकायच्या. तसा घेवडा दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. नुकतंच काढलेलं बी काही वेळा निजलेलं असतं. आधी थंडीत ठेवून मग तपासायचं. कॉलेजात शिकले होते मी हे! तरी तसंच कागदावर घातलं. चारशेत एकोणीस उगवल्या. "मृत" असं लिहून मोकळी झाले.

काकू भांडल्यासुद्धा नाहीत. "तू शिकलेली. तुला दिसलं, ते मला कुठून दिसणार?" उरलेलं बी त्यांनी शिजवून संपवलं.

दोन महिन्यांनी खोलीमागे गेले. तपासलेल्या बिया मी तिथेच टाकते. भिंतभर वेल चढले होते. मी ते उपटले. सगळे. एकही ठेवला नाही, कोणी बघेल म्हणून. काकूंना सांगितलं नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

तेव्हापासून कागद उघडला की खांद्यामागे कोणी उभं असतं. "नीट बघितलंस ना गं?"

१५ सप्टेंबर

अडतीस. पुन्हा मोजलं. पुन्हा. अडतीसच. कांद्याचं बी असं निजत नाही. हे मेलंय, जुनं होऊन मेलंय. मग एक्क्याण्णव आले कुठून?

हे बी विकणाऱ्या दुकानदाराला गाठलं. "ताई, पोटावर पाय देऊ नका. माझ्याकडे राज्याचा कागद आहे. तुमच्याकडे काय आहे?"

दादाला तू तरी टाकू नकोस म्हटलं. "आणि बाकीच्यांना काय सांगू? बहीण म्हणते म्हणून?"

१६ सप्टेंबर

राजधानीला फोन. साहेब म्हणाले, तीस दिवसांत उत्तर मिळेल. तोवर बी मातीत जाईल! एक्क्याण्णव कोणी मोजले, एवढं तरी सांगा म्हटलं. कागद चाळल्याचा आवाज.

"तुम्हीच की, बाई."

तीन वर्षांपूर्वीचा माझा अहवाल. बी तेव्हा ताजं होतं. नंतर ते कुठल्याशा गोदामात उन्हाळे काढत राहिलं. नव्या कायद्याने जुन्या स्थानिक अहवालांना पाच वर्षं, तीही राज्यभर, मान्यता देऊन टाकलीय. माझी एक खोली आता सगळ्या राज्याची झाली आहे.

"मागे घ्या मग. सही करणाऱ्याला तेवढं करता येतं. कारण एकच चालतं — मोजणी चुकली."

"चुकली नव्हती हो. बी म्हातारं झालं."

"म्हातारपणाला फॉर्मवर रकाना नाही." वर हसले.

१९ सप्टेंबर

झालेली चूक कधी कबूल केली नाही. न झालेली कबूल करायची?

२२ सप्टेंबर

दिलं लिहून. "मोजणीत माझ्याकडून चूक झाली." दुपारी दुकानातले डबे सील झाले. दुकानदार सगळ्यांदेखत म्हणाला, "हिला शंभरापर्यंत मोजता येत नाही!" लोक हसले. दादाने मान खाली घातली.

खोलीत परतले. खांद्यामागे कोणी नव्हतं.

२५ सप्टेंबर

राज्याचा आदेश आला. जिची मोजणी चुकते तिचे सगळेच अहवाल रद्द. एकशे बारा प्रकारच्या बियाण्यांची विक्री आजपासून राज्यभर बंद. त्यांतली शंभरावर तरी याच उन्हाळ्यात तपासलेली, उत्तम. माझी मोजणी बरोबर होती, हे फक्त मला ठाऊक आहे.