राजाची एक उडी

बाबा, तुमच्यामुळे माझी पुरती पंचाईत झाली आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या कामात लुडबुड करायची काही सोडत नाही. मला बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर घ्यायचं आहे. म्हणजे लॅपटॉपवर पट दिसतो, आपण चाल करायची आणि समोरून यंत्र चाल करतं. तुम्ही म्हणाला असतात, "यंत्र काहून? मानसं सरले काय?" सरले नाहीत बाबा, पण माझ्यासमोर बसायला कोणी उरलं नाही. मी बँकेतून निवृत्त झाले, मुलगा पुण्याला आहे, आणि तुमचे जावई पटासमोर बसले की प्यादी हलायच्या आत जांभया द्यायला लागतात. रोज संध्याकाळी एक डाव खेळावा, समोर कोणीतरी मनापासून डोकं लावणारं असावं, एवढीच माझी मागणी आहे. ही मागणी दुकानात सांगून बघा म्हणजे कळेल.

मी सांगून बघितली. इथल्या, अमरावतीच्या, दुकानदारानं विचारलं, "नातवासाठी पाहून राह्यले काय मॅडम?" म्हटलं, "माह्यासाठी." त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि पत्त्यांचे खेळ दाखवायला लागला. घरी येऊन मुलाला फोन केला, तर तो म्हणे, "आई, आधी तुझं रेटिंग सांग." माझं कसलं रेटिंग! कापसाच्या जिनिंगच्या ओट्यावर शिकलेल्या बाईला कोण रेटिंग देणार? शेवटी त्यानं तीन सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून दिली. थोडे दिवस फुकट वापरायची, मग एक ठेवायचं, त्याचे पैसे भरायचे. ही मुदत आज संपते आहे आणि म्हणून माझं डोकं फिरलं आहे. पहिल्यात जगभरच्या उस्तादांच्या डावांचा ढीग आहे. मला काय करायचे ते डाव? माझ्या लोणच्याच्या बरण्यांवर कधीचं लोणचं आहे ते मला आठवत नाही, तिथे परदेशातल्या कोणी कधी कुठलं प्यादं सरकवलं ते पाठ करू? दुसऱ्यात एक बाई बोलते. साधं प्यादं ढकललं तरी "वा, सुंदर चाल!" म्हणते. तुमच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला हे पचत नाही बाबा. तुम्ही माझ्या चालीवर उभ्या जन्मात एकदा "हं" म्हणालात, त्यावर मी आठवडाभर हवेत होते. तिसरं फार ताकदीचं. त्याच्यापुढे माझा निभाव लागेना म्हणून त्याची ताकद कमी केली, तर ते बराच वेळ शहाण्यासारखं खेळतं आणि मधेच आपला वजीर आणून माझ्या घोड्याच्या तोंडी देतं. लहान पोराला जिंकू द्यावं, तसं. असा संताप येतो! लॅपटॉप बंद करून मी पोळ्या लाटायला घेते, आणि त्याही वाकड्या होतात.

तुम्ही मला असं कधी जिंकू दिलं नाही. मला अजून दिसतं, तुम्ही अकोल्याच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसता, कापसाच्या गाड्या मोजता, आणि दुपारच्या सुटीत ओट्यावर कापडी पट अंथरता. मी शाळेतून परस्पर तुमचा डबा घेऊन येते. तुमच्या भुवयांवर कापसाची लव आहे. एका हातात भाकर, दुसरा हात पटावर. माझं बोट उंटाला लागतं आणि मी ते पटकन मागे घेते. "हात लावला ना?" "चुकून लागला, बाबा." "हाताले का डोये नसतात? चाल आता." शिवलं ते चालवायचं, हा तुमचा पहिला कायदा. दुसरा कायदा राजाचा. साऱ्या डावात एकदाच, शह बसायच्या आधी, राजानं घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायची. "राजा हाय तो," तुम्ही म्हणायचे, "जल्मात एकडाव तरी उडी मारीनच." मला वाटायचं, सगळं जग असंच खेळतं.

मग शाळेनं मला स्पर्धेसाठी अमरावतीला पाठवलं. आठवतं ना? तुम्ही रजा टाकून बडनेऱ्यापर्यंत पॅसेंजरनं सोबत आलात, आणि पुढे त्या हॉलच्या बाहेर बाकावर बसून राहिलात. समोरच्या मुलीनं माझा राजा कोंडत आणला तरी मी निवांत होते. उडी शिल्लक होती ना! शह बसायच्या आधीच मी राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे ठेवला. ती मुलगी आधी गोंधळली आणि मग हसली. पंच आले. ते म्हणाले, असा नियम कुठेच नाही, आणि राजाला हात लावला आहे तर आता राजाच हलवावा लागेल. हलायला एकच घर होतं. तिथे गेले आणि पुढच्याच चालीला मात. म्हणजे तुमचा पहिला कायदा खरा निघाला आणि त्यानंच दुसऱ्याचा जीव घेतला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळ्यांदेखत ओरडले, "बाबा, तुमचा खेय खोटा हाय!" तुम्ही पट गुंडाळला. "खोटा नाही वं," एवढंच म्हणालात, "आपल्या इथला हाय."

पुढच्या रविवारी तुम्ही स्वतःहून पट अंथरलात. कुठून, कोणाकडून माहीत नाही, पण नवे नियम शिकून आला होतात. पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं सरकवलंत आणि माझ्याकडे बघून विचारलंत, "हे चालते काय वं तुमच्या अमरावतीत?" मग प्रत्येक डावात तेच. राजा-हत्तीचा किल्लेकोट केला की, "हे चालते काय?" मी गुर्मीत मान हलवायची. पण तुमचा हात काही नवं शिकला नाही. डाव अडला की तो आपोआप राजाकडे जायचा, राजा उचलायचा आणि हवेतच थांबायचा. उडी तर आता नव्हती. मी म्हणायचे, "असू द्या बाबा, ठेवा परत." तुम्ही म्हणायचे, "हात लावला ना म्या?" आणि राजा मुकाट्यानं शेजारच्या घरात ठेवून हरायचे. मला वाटायचं मी फार जबरदस्त खेळते, आणि तुम्ही मला तसं खुशाल वाटू दिलंत. याचा मला आज फार राग येतो. आणि तुमची फार आठवण येते.

तर आता सॉफ्टवेअरचं ऐका. तिन्हींमध्ये मी राजाला उडी मारायला लावून पाहिलं. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये राजा टुणकन परत जागेवर जातो आणि वर टिंग वाजतं. मुलाला फोन केला. "आई, असा नियमच नाही." म्हटलं, "तुझ्या आजोबांचा होता." तो हसून म्हणाला, "आजोबांचं व्हर्जन जुनं होतं." बाबा, मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडले की स्वयंपाकघरातून तुमचे जावई धावत आले. म्हटलं, "त्यांनी ते बदललं होतं. माह्यासाठी. त्या वयात." पोरगा म्हणाला, "तिसऱ्यात पट हातानं मांडायची सोय आहे. डाव मधेच थांबव, सोंगट्या हव्या तिथे ठेव, आणि पुढे खेळ. पण आई, एवढ्यासाठी कोणी सॉफ्टवेअर घेतं का?"

मी घेते आहे. तेच, वजीर तोंडी देणारं. हे पत्र टाकायला जागा नाही. जिनिंग पाडून तिथे मंगल कार्यालय झालं आहे, आणि तुम्ही तिथेही नसालच. तेव्हा ते लॅपटॉपखाली राहील. फक्त एक सांगायचं आहे, ते मुलालाही सांगितलं नाही. काल संध्याकाळी यंत्राला पूर्ण ताकदीवर ठेवलं होतं आणि चालून चालून, कसं कोण जाणे, मी त्याचा राजा कोंडत आणला. शह द्यायचा तेवढा बाकी होता. मी डाव थांबवला, पट मांडायची ती सोय उघडली, त्याचा राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे नेऊन ठेवला. मग खेळले, आणि सपशेल हरले. खोलीत कोणी नव्हतं, कूलर घरघरत होता, आणि मी मोठ्यानं म्हणाले, "चालते, बाबा. आमच्या अमरावतीत चालते."