वासाचा टोफू आणि आजीचा नवस

जीलुंग, २० मार्च १९८३

ती. श्यू-ओ ताईस,
वेन-पिनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल छाय-युनच्या आजीला रात्रबाजारात नेले. आमचे लग्न तिच्याच शब्दावर अडले आहे, हे तू जाणतेस. आजोबांची होडी वादळातून परतली, तेव्हापासून मात्सूदेवीच्या नवसापायी तिला मांसमच्छी वर्ज्य आहे. शिंपल्यांच्या आम्लेटवाल्यापुढून ती नाक दाबून गेली आणि थेट वासाच्या टोफूच्या गाड्यापाशी बसली. वीस वर्षे तिथेच खाते म्हणे. आंबट कोबीसकट दोन बशा संपवल्या. वर मला म्हणाली, की खा रे, असला रोडका जावई आमच्या दारातून वाऱ्याने उडून जाईल.

पण ताई, मी त्याच गाडेवाल्याच्या माडीवर भाड्याने राहतो. टोफू मुरवायच्या माठात तो कोळंबीची डोकी टाकतो, हे मी रोज पाहतो. पौर्णिमेला आजीला पुन्हा जायचे आहे. सांगू की नको? रात्रभर डोळा लागला नाही.

माझे चुकले तरी माया पातळ करू नकोस.
तुझा, वेन-पिन

यीलान, २४ मार्च

चि. वेन-पिन यास अनेक आशीर्वाद.

आईचा गुडघा बरा आहे. कालच तिने मुळ्याचे लोणचे घातले.

तू लहानपणापासून भातातला खडा सगळ्यांना दाखवत फिरणारा. या वेळी गप्प बस. नकळत खाल्लेले देवी मोजत नाही, कळल्यावरचा घास मोजते. तुझे भावोजी म्हणतात, की आजीला सरळ दुसऱ्या गाड्यावर ने. लग्न होईपर्यंत तोंड फक्त खायला उघड.

मोजे पाठवले आहेत, ते घाल. आमची आठवण असू दे.
ताई

जीलुंग, ३० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मोजे पोचले. काल आजी दुसऱ्या गाड्याकडे वळेचना. तिने टोफूचा तुकडा उचलला आणि मला राहवले नाही. बशी ओढून सगळा टोफू मीच खाल्ला. तिखटाने जीभ पोळली. म्हातारीच्या पुढ्यातले ओढणाऱ्या हावरटाला मी नात देऊ होय, असे आजी चारचौघांत ओरडली. बरोबर आलेली छाय-युन रडायच्या बेतात होती. मग मी कोळंबीचे सांगून टाकले. गाडेवाल्याने नाकारले नाही. उलट म्हणाला, की आजीबाई, वीस वर्षांत एकदा तरी विचारलंत का?

आजी उठून समोरच्या देवळात गेली. कौलाच्या दोन्ही लाकडी चंद्रकोरी हातात घेऊन तिने नवस मोडला का, असे विचारले. एक उताणी, एक पालथी पडली असती तर होकार होता. दोन्ही उताण्या पडल्या, म्हणजे देवी हसली. तीनदा टाकल्या, तीनदा हसली. आजी बराच वेळ गुडघ्यांवरच होती. मग म्हणाली, की हीच हसतेय तर मी कशाला रडू. टोफू मात्र तिने सोडला. निघताना गाड्याकडे एकदा वळून पाहिले.

पुलापाशी तिने माझी जन्मवेळ मागितली. पत्रिका जुळवायला मागतात तीच, ताई. मला नुसते पहाटे एवढेच ठाऊक आहे. आईला नीट विचारून उलटटपाली कळव. अंदाजाने लिहू नकोस.

तुझ्या मायेतला,
वेन-पिन