टोकन नंबर ४१७

पप्पा,

घडलं ते असं:

१. प्रोग्रामरच्या जागेसाठी इथल्याच एका स्टार्टअपने मला घरी करायला काम दिलं. विंचूरच्या कांदा व्यापाऱ्यांच्या नोंदी तपासणारा प्रोग्राम. फक्त परीक्षेपुरता, असं सांगितलं.
२. मी चार दिवसांत लिहून दिला.
३. काल मुलाखत झाली. मालकाने कौतुकाने त्यांचं चालू ॲप दाखवलं.
४. यादीत पहिला व्यापारी: नंबर ४१७, माल शून्य क्विंटल.

४१७ हा अंबडच्या कारखान्यातला तुमचा टोकन नंबर. तुम्ही केलेल्या प्रत्येक लोखंडी जॉबवर तो ठोकायचात, म्हणजे खोट निघाली तर माल तुमच्याच टेबलावर परत यावा. मी कुठलाही प्रोग्राम तपासताना पहिली खोटी नोंद त्याच नंबराने करते. त्यांनी माझं काम उचललं, आणि उचलताना वाचण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

समोर दोघे होते, मालक आणि त्याचा मित्र, दोघेही माझ्याच वयाचे. मी विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"आमच्या टीमने. एका वीकेंडला उरकलं."

"आणि हा ४१७ कोण?"

मालकाने मित्राकडे पाहिलं. मित्र म्हणाला, "असेल कोणी मोठा व्यापारी, मॅडम. लय माल असतो त्यांच्याकडे."

शून्य क्विंटल त्याच्या नाकासमोर होतं. मग मालक गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आम्हाला कामाची ओनरशिप घेणारी माणसं हवीत." मी मान डोलावली. इतक्या निर्बुद्ध चोरांशी वाद घालणंही मला कमीपणाचं वाटलं. निदान तसं मी रिक्षात स्वतःला सांगितलं.

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. वर्कशॉपसाठी लोखंडी पट्ट्यांचा जोड करायचा होता. तुम्ही सहज करून दाखवलेला जोड मी माझा म्हणून कॉलेजात दिला. तुम्ही स्वयंपाकघरात जेवताय, मी मार्क सांगतेय. तुमचा घास हातातच थांबतो. "आधी सरांना खरं सांगून ये. मग मार्क सांग." मी सांगून आले, शून्य घेऊन. दुसऱ्या दिवशी पाळीवरून येताना माझ्यासाठी लोखंड घासायची नवी कानस घेऊन आलात. ती अजून माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

त्यांनी मला निवडलंय. गुरुवारी उत्तर हवंय. ही नोकरी घेतली तर तुमच्यामागे आईला एकटं टाकून पुण्याला जावं लागणार नाही. सोडली तर जावं लागेल. तिसरा रस्ता मला दिसत नाही. होकाराची मेल लिहून ठेवली आहे, पाठवलेली नाही. हे पत्रही कुठे जाणार नाही.

एक सांगायचं राहिलं. पडद्यावर तुमचा नंबर दिसला तेव्हा राग नंतर आला. आधी बरं वाटलं.

बुधवारपर्यंत कळवा.