पश्चिमेचं दार

प्रिय नेरिना,

ग्रादोच्या खाजणातल्या आपल्या बेटावर सुखरूप पोचलो. बाबांचे मासेमारीतले जोडीदार मेनीकाका सोबत आहेत. होडी चिखलात रुतली तेव्हा म्हणाले, "शहरातलं खाऊन जड झालायस."

बाबांची झोपडी हिवाळ्यातल्या उधाणात गेली. चूल तेवढी उरली आहे. आईला हे कळू देऊ नकोस. तिचा खोकला कसा आहे?

पूर्वेच्या वाऱ्यामुळे इथली सगळी दारं पश्चिमेला, तुला ठाऊकच आहे. भिंती नसतानाही मेनीकाका वळसा घालून पश्चिमेकडे गेले, ते ठेंगणं दार होतं तिथे कंबरेत वाकले आणि मगच चुलीपाशी आले. मीही वाकलो.

आईनं विचारलं तर सांग, दारातून वाकूनच आत गेलो.

तुझा दादा,
नेरेओ