मालकाचा रकाना

डोंबिवली, गुरुवार

प्रिय मयूर,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. मेसेज केला की तुझ्या फोनवरून आपोआप उत्तर येतं, मी मीटिंगमध्ये आहे. फोन केला की तू स्वतः सांगतोस, आत्या, मीटिंगमध्ये आहे. तुझ्यात आणि तुझ्या फोनमध्ये मला आता फरकच कळेनासा झालाय. म्हणून शेवटी कागद घेतला. कुरियरवाला म्हणालाय, उद्या ठाण्याला पोचेल. आधी मुद्द्याचं सांगते, नाहीतर दोन ओळी वाचून बाजूला ठेवशील. तुझ्या आईची नोकरी जायची वेळ आलीय, आणि तीही तुझ्या त्या प्रोग्रॅमपायी. आता नीट बस आणि पुढचं वाच.

तुमच्या कंपनीने आमच्या पतपेढीला तो प्रोग्रॅम दिला तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या होत्या. भाच्याचं काम म्हणून नाही, खरंच गरज होती म्हणून. आमच्याकडे जो जो व्यवस्थापक आला त्याने क्लाऊडवर आपापल्या मर्जीने यंत्रं राखून ठेवलेली. कुठल्यातरी लांबच्या कंपनीच्या संगणकांवर आपल्यासाठी जागा धरून ठेवायची, मग वापरा नाहीतर नका वापरू. कोणी कल्याणच्या नावावर धरली, कोणी शहाडच्या, एक महाशय तर निवृत्त होताना पासवर्डसुद्धा बरोबर घेऊन गेले. आपण नक्की काय काय राखून ठेवलंय, हे कल्याणच्या मुख्य ऑफिसात मलाही सांगता येत नव्हतं, आणि म्हणे मी संगणक विभागाची प्रमुख. तुझा प्रोग्रॅम एका दुपारात सगळी खाती पालथी घालून आला आणि राखीव यंत्रांची अख्खी जंत्री त्याने समोर मांडली. कौतुक वाटलं रे, खोटं कशाला बोलू? मी ऑफिसभर पेढे वाटले होते.

पण त्या जंत्रीत प्रत्येक यंत्रापुढे शाखेने भरायचा एक रकाना तू ठेवलास, आणि त्याला नाव दिलंस 'मालक'. इंग्रजीचं मराठी करताना क्षणभर तरी थांबला होतास का? शाखांमध्ये संगणकावर बसतात त्या सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या बायका. मालक म्हणजे यंत्राची जबाबदारी असलेलं माणूस, हे तुझ्या एसीत बसून ठीक आहे. शहाडच्या कलावतीला मालक म्हटलं की जगात एकच माणूस आठवतो, तिचा नवरा पंढरी, जो स्टेशनबाहेर रिक्षा लावतो. तिने त्याचं नाव टाकलं, पुढे त्याचा मोबाईल नंबर टाकला आणि बाकीच्या शाखांना फोन करून कळवलं की अगं, मालकांचं नाव मागतायत, टाका आणि मोकळ्या व्हा. एकीलाही नवल वाटलं नाही. आपल्याकडे कुठल्याही कागदावर बाईला नवऱ्याचं नाव विचारतातच, मग क्लाऊडने तरी तिला का सोडावं?

मग तुझ्या प्रोग्रॅमने या सगळ्या नवरोबांना मेसेज धाडले. तुमच्या मालकीची राखीव यंत्रं वापरात दिसत नाहीत, ती हवी आहेत का? पंढरीने रिक्षा कडेला घेतली आणि कलावतीला फोन लावला, की आपल्याला लॉटरीत कॉम्प्युटर लागलेत, तू बोलली का नाय? तिचं उत्तर ऐकायच्या आधीच 'हो' दाबून मोकळा. दिवा शाखेतल्या शेवंतीच्या नवऱ्याला ती फसवणूक वाटली, तो चौकीत तक्रार द्यायला निघालेला. शेवंतीने त्याला दारातून मागे ओढलं आणि 'हो' दाबायला लावलं. दिवसभर माझा फोन खणखणत होता. हसू की कपाळावर हात मारून घेऊ, तेच कळेना. पण या सगळ्या चुकीच्या मालकांनी 'हो' म्हटल्यामुळे त्यांच्या शाखांची यंत्रं शाबूत राहिली. वर कलावतीला वेळेत माहिती भरल्याबद्दल शाबासकी मिळाली.

गेली ती फक्त टिटवाळ्याची यंत्रं. टिटवाळ्याला संगणकावर तुझी आई बसते. वहिनीने तो रकाना रिकामा सोडला. मालकच नाही म्हटल्यावर मेसेज कोणाला गेला नाही, मेसेज नाही म्हणून उत्तर नाही, आणि उत्तर नाही म्हणून मुदत संपल्यावर प्रोग्रॅमने ती राखलेली जागा आपली आपण सोडून दिली. ती यंत्रं महिनाभर बंदच असतात, ठेवींचं व्याज चढवायचं असलं की तेवढी सुरू करायची. हे शाखेत कोणीही सांगितलं असतं, पण तुझ्या प्रोग्रॅमला माणसांना विचारायची सवय कुठे आहे? एक तारखेला वहिनी ती सुरू करायला गेली तर जागा शिल्लक नाही. दोन दिवस टिटवाळ्याची म्हातारी माणसं पासबुकं घेऊन शाखेच्या पायरीवर बसली होती. तिसऱ्या दिवशी जागा मिळाली, व्याज जमा झालं, कोणाचं काही बुडालं नाही. पण चेअरमन गोपीनाथरावांच्या घरापर्यंत लोक ओरडत गेले, आणि त्यांना आता कोणावर तरी खापर फोडायचंय. तुमच्या कंपनीकडे मी तक्रार केली होती. 'मालकाकडून उत्तर आले नाही' एवढं लिहून त्यांनी ती बंद केली. वहिनीला सांगण्यात आलंय की राजीनामा द्या, नाहीतर निष्काळजीपणाचा शेरा मारून काढून टाकू. सोमवारी समिती त्यावर बसतेय.

खरं सांगू, मी वहिनीवरही भडकले होते. या सगळ्या बायकांत संगणक सगळ्यांत चांगला तिला येतो. दादा होता तेव्हा त्याच्या हार्डवेअरच्या दुकानाची सगळी बिलं तीच करायची. तिच्या हातून एक रकाना राहतो म्हणजे काय? विचारलं तर राहिलं गं, एवढंच. चौकशीतही तेच, मला समजलं नाही. समजलं नाही! जिने मला मराठी टायपिंग शिकवलं तिला समजलं नाही! दादा गेल्यापासून ती घराबाहेर पडते ती या नोकरीसाठीच, चार माणसांत बोलते ती तिथेच. नोकरी गेली तर दिवसभर त्या बंद दुकानाच्या शटरकडे बघत बसेल, हे तुला मी वेगळं सांगायला नको.

काल मी टिटवाळ्याला गेले, तिच्याच खुर्चीत बसले आणि म्हटलं, आता दाखव मला काय समजलं नाही ते. तेव्हा बोलली. आधी तिनेही त्या रकान्यात नाव टाकलं होतं, चांगदेव. गेलेल्या माणसाचं नाव घालू नये हे तिलाही कळत होतं, पण हात वळलाच. मग तुझ्या प्रोग्रॅमने नंबर मागितला. दादाचा नंबर तूच बंद करून आला होतास. नंबरशिवाय नाव पुढे जाईना, म्हणून तिने एकेक अक्षर करून ते पुसलं. आणि रकाना रिकामा राहिला की त्या ओळीत काय उमटतं, ते तूच ठरवलंयस ना? आधी शाखा, मग काम बघणाऱ्याचं नाव, मालन चांगदेव भोईर, आणि त्याच्यापुढे तांबड्या अक्षरांत 'बेवारस'. शब्दकोशात बघशील तर एकही शब्द चुकलेला नाही तुझा. वहिनी एरवी ऑफिसात किती नेटकं बोलते, पण काल तिच्या तोंडून घरची बोली बाहेर पडली. मना वाटला, माझ्याविषयीच लिवलाय, म्हणाली. यंत्र कोण सांभाळतं, एवढं साधं विचारलं असतंस, तर तिने ताठ मानेने स्वतःचं नाव लिहिलं असतं रे.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. समितीने तिला सरळ विचारलं होतं की प्रोग्रॅममध्ये काही दोष आहे का. ती नाही म्हणाली. तुझी नोकरी अजून पक्की झालेली नाही, तुमच्या कंपनीला दुसऱ्या पतपेढ्यांची कामं मिळायची आहेत, त्यात पोराच्या नावाला बट्टा नको, म्हणून ती स्वतःला अडाणी म्हणवून घ्यायला तयार झाली. मला म्हणाली, निशाताई, यात मयूरचं नाव येता कामा नये. मी तिच्यासमोर मान डोलावली आणि घरी येऊन कागद पुढे ओढला. मी समितीला सांगू शकते, पण मी सांगितलं तर ते वहिनीला वाचवणाऱ्या नणंदेचं बोलणं ठरेल, आणि तिच्या नावापुढचा तो शब्द तसाच राहील. तो खोटा आहे हे तिच्या मुलालाच तिथे उभं राहून सांगावं लागेल. तुझ्या नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि खरं म्हणजे या घडीला मला त्याची फिकीरही नाही. तुला दुसरी मिळेल, तिला या वयात कोण देणार? तिला फोन करून रडू नकोस, माफीबिफी नंतर माग. सोमवारी अकराला समिती बसते, कल्याणच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर. राजीनामा लिहून तिने पर्समध्ये ठेवलाय आणि ती कुठेही वेळेच्या आधी जाते. तू तिच्या आधी पोच.

तुझ्यावर चिडलेली, पण तुझीच,
निशा आत्या