लाल दिसलं की दाबायचं

५ जानेवारी १९८७

टार्नुझला, या बर्फाळ डोंगरातल्या गावाला, पोचलो. सामान म्हणजे दोन ट्रंका, एक सांधेदुखी आणि लिफ्टवरच्या नोकरीची तीस वर्षं. खोली बेकरीच्या वर आहे, म्हणजे ऊब फुकट आणि पहाटे पावाचा वासही. एकूण बरं वाटतंय. हे वाक्य बऱ्याच दिवसांनी लिहिलं.

डोंगरावर दोराला टांगलेल्या खुर्च्यांची लिफ्ट मात्र अजब. बाकी सगळीकडे माणूस जायचं तिकडे तोंड करून बसतो. इथल्या खुर्च्या आडव्या. कुणा इंजिनिअरच्या डोक्यात आलं की प्रवाशाला डोंगर कशाला, देखावा द्या. म्हणून दोघांनी शेजारी बसायचं, दरीकडे तोंड करून, आणि खेकड्यासारखं कडेकडेने वर सरकायचं. उतरणाऱ्यांची तोंडं दुसऱ्या बाजूला. जाणारे-येणारे एकमेकांना फक्त पाठ दाखवतात. थंडी वाजू नये म्हणून गळ्यापासून पायापर्यंत घोंगडीची खोळ चढवतात. तिच्यात मान वळत नाही.

तिकिटं, घोंगड्या आणि गावाची अब्रू या तिन्ही खात्यांच्या प्रमुख ऑटिलियाबाई. मला खोळ चढवताना म्हणाल्या, "खालच्या गावचे ना तुम्ही? पोट आवळा हो, घोंगडी सरकारी आहे!" त्यांच्या मते इथली लग्नं टिकतात ती या लिफ्टमुळे. नवरा-बायकोने एकमेकांकडे न बघता समोर बघायची सवय लागते. मी हसलो. जरा उशिरा हसलो.

९ जानेवारी

खालच्या टोकाला मी, वरच्या टोकाला गाउडेन्झ. देहाने अस्वल, शब्दांच्या बाबतीत कंजूस. संध्याकाळी शेवटचा माणूस उतरायला बसला की त्याच्या मागच्या रिकाम्या खुर्चीला तो लाल बादली टांगतो, स्की बांधतो आणि पलीकडच्या खोऱ्यात घरी जातो. बादली खाली आली म्हणजे दोरावर कुणी नाही. मग मी लिफ्ट बंद करायचं बटण दाबायचं. या डोंगरांत सगळीकडे हीच रीत.

बादली आल्यावरही मी एक अख्खी फेरी होऊ देतो. चाळीस मिनिटं. ऑटिलियाबाई पाय आपटतात. म्हणे, रिकाम्या खुर्च्यांना हवा खायला नेता काय? म्हटलं, सवय आहे. कसली, ते सांगितलं नाही.

१५ जानेवारी

बादलीनंतरच्या फेरीत एकतीस नंबरच्या खुर्चीवर घोंगडी आली. घडी घातलेली, अस्तर बाहेर, बटणं आत. गाउडेन्झला फोन लावला. तो म्हणाला की त्याने काही ठेवलं नाही, आणि घड्या घालणारा माणूस वाटलो का मी? ऑटिलियाबाईंच्या खुंट्या मोजल्या. साठच्या साठ जागेवर. ही एकसष्टावी.

अशी घडी मी एकाच बाईला घालताना पाहिली आहे.

२२ जानेवारी

लिहूनच टाकतो.

सेराइना माझी बायको. जुन्या गावात ती लिफ्टच्या वरच्या टोकाला, मी खालच्या. बावीस वर्षं आमचा संसार दोरावरून चालला. ती वर चुलीवर सूप करायची, डबा लाल पिशवीत घालून खुर्चीवरून खाली धाडायची. मी रिकामा डबा वर.

गेल्या मार्चमध्ये भांडलो. पडद्यांच्या रंगावरून. तीन दिवस अबोला, फोनसुद्धा नाही. तिसऱ्या संध्याकाळी धुकं होतं. शेवटच्या खांबापाशी लाल दिसलं. बादलीच म्हणून बटण दाबलं. जवळ येईपर्यंतही धीर धरला नाही. घरी ती नव्हती. वाटलं, रागावून बहिणीकडे गेली. आणि, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, घर शांत आहे म्हणून बरं वाटलं. छान झोप लागली.

सकाळी लिफ्ट सुरू केली. आधी लाल पिशवी आली. डब्यात जवाचं सूप, माझ्या आवडीचं, दगड झालेलं. झाकणाखाली चिठ्ठी: आलेच मागून. थांब.

मग चाळीस खुर्च्या रिकाम्या. मग ती.

३० जानेवारी

आता नुसती घोंगडी नाही. ती बसलेली असते.

बटण दोन दोरांच्या मधे आहे. तिथून फक्त पाठ दिसते. राखाडी वेणी, डावा खांदा किंचित वर. चाकाला वळसा घालून ती पुन्हा वर जाते. आज बटण सोडून बाहेरच्या बाजूला धावलो. खुर्ची रिकामी. परत आत आलो. पाठ.

ऑटिलियाबाईंनी मला धावताना पाहिलं. अक्रोडाच्या केकचा तुकडा हातात ठेवला. हळूच म्हणाल्या, "कुणी गेलं असेल तर रडा हो, मी दार लावून घेते. पण पळू नका. बर्फ आहे."

१२ फेब्रुवारी

नोटीस लागली. अठ्ठावीस तारखेला ही लिफ्ट कायमची बंद. दोर कापणार. पुढच्या वर्षी काचेच्या बंद केबिनी. ऑटिलियाबाई दिवसभर नव्या केबिनींना शिव्या घालत होत्या आणि नाक पुसत होत्या.

दोर कापला की ती कुठे जाईल?

एकदा तोंड बघायचंय. एकदा सांगायचंय. या खुर्चीत तोंड फक्त शेजारी बसणाऱ्याला दिसतं.

२७ फेब्रुवारी

ठरलं. उद्या शेवटच्या फेरीला एकतीस नंबरच्या खुर्चीत मी. वर जाऊन न उतरता तसाच खाली. गाउडेन्झला सांगितलं, बादली माझ्या मागे टांग. तो म्हणाला, बरं. बटणाशी ऑटिलियाबाई. त्यांना खरं सांगितलं तर बसू देणार नाहीत. म्हणून सांगितलं की मी वर जाऊन गाउडेन्झबरोबर पलीकडे उतरेन, निरोपाची दारू प्यायला. त्यांनी बटणाला कधी हात लावलेला नाही. तीनदा घोकून घेतलं. लाल दिसलं की दाबायचं. शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं त्यांनी. आणि ती तुमची हवा खाण्याची फेरी? म्हटलं, उद्या नको.

२८ फेब्रुवारी, दुपार

जवाचं सूप केलं. तिच्यासारखं नाही जमलं. गाउडेन्झला डबा पाठवला, लाल पिशवीतून. वर्षभर ट्रंकेच्या तळाशी होती. आता हिला भिऊन काय करायचं?

धुकं उतरतंय.

खुर्चीतून, चार वाजून दहा

खोळीतून हात बाहेर काढून पेन्सिलने लिहितोय. तिसऱ्या खांबापाशी खुर्ची शेजारच्या रिकाम्या जागेकडे कलली, कुणी बसल्यासारखी. मी अजून बघितलं नाही. आधी सांगायचं राहिलेलं सगळं मनात जुळवून—

वरच्या चाकाशी

गाउडेन्झ दिसला. पायात स्की, हातात बादली. हात हलवून ओरडला, "सूप झकास! पिशवी मघाशीच पाठवली हो खाली!"

मघाशी.

मी ओरडलो. खुर्ची वळली होती. मागे बादली अडकल्याचा आवाज, मग त्याच्या स्कीचा, मग काही नाही.

पिशवी माझ्या पुढे. कितीतरी पुढे. मान वळत नाही. बाई, ते लाल नव्हे—

थांबला.

दोर थांबला. खुर्ची एकदा पुढे, एकदा मागे, आणि गप्प. हाका मारल्या. धुकं गिळतंय. खाली ऑटिलियाबाई कुलूप लावत असतील, डोळे पुसत. मी दारू पितोय म्हणून निश्चिंत. त्यांचा काही दोष नाही, हे कुणीतरी त्यांना—

जमीन फार खाली आहे. उडी नाही.

बोटं

तिने घोंगडीची बटणं काढली. एक टोक माझ्यावर टाकलं. गार आहे, पण टाकलं.

मी थांबलोय गं. या वेळी थांबलो. तू म्हणालीस तसा—

ती मान वळवतेय, माझ्याक