रावसाहेबांचे डोळे

रोम, ८ एप्रिल १९३७

ती. अक्कास धाकट्या केरूचे सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. सुखरूप मी, रावसाहेब नुसते पोचले. मुंबईचा धक्का सुटला तेव्हा ते आडवे झाले ते व्हेनिस आल्यावर उठले. मधले बारा दिवस, स्वयंपाकी म्हणून आलेला मी, त्यांना लिंबू चाटवत होतो. सुएझला उतरून पिरॅमिड बघायची सोय होती, पण ते परतीच्या वाटेवर बघू म्हणाले.

व्हेनिस गावात गल्लीबोळाच्या जागी पाणी आहे. दळण आणायचं तरी होडी लागेल. पाणी दिसताच रावसाहेबांनी हॉटेलची खिडकी लावून घेतली आणि चार दिवस उघडली नाही. मला म्हणाले, तू जा, नीट बघ आणि येऊन सांग. मी दिवसभर हिंडायचो, संध्याकाळी भात टाकून त्यांचे पाय चेपायचो आणि सांगायचो. ते वहीत लिहून घ्यायचे. मला बरं वाटलं. सायखेड्याच्या केरूला, तू काय पाहिलंस, असं तुझ्याखेरीज कोणी विचारलंय?

इथे रोममध्ये त्यांचे नवे बूट चावले. दुकानदाराने साहेबलोकांचा पाय अरुंद असतो असं सांगितलं, म्हणून यांनी आपलाही अरुंद धरला. तेव्हा रोमही मीच पाहतो आहे. इथल्या सगळ्यांत मोठ्या देवळात एका संताची पितळी मूर्ती आहे. लोक तिच्या पायाचं चुंबन घेतात. आपल्याकडे देवळाचा उंबरा पायांनी झिजतो, इथे देवमाणसाचा पाय ओठांनी झिजलाय. बोटं ओळखू येत नाहीत. दारात मला कोणी जात विचारली नाही, फक्त टोपी काढायला सांगितली.

तुझा खोकला कसा आहे ते लिही. लोभ करतेसच, पत्रही करत जा.

तुझा
केरू


नाशिक, २९ एप्रिल १९३७

चि. केरूस अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

खोकला बरा आहे, माझा राग मात्र वाढला आहे. कारण ऐक.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पाचवीला इटली शिकवत होते. पुस्तकात इटलीचा आकार बुटासारखा आहे यापलीकडे काही नाही. म्हणून तुझं पत्रच वाचून दाखवलं, रावसाहेबांचा भाग गाळून. मुलींनी दोनदा वाचायला लावलं. एरवी खिडकीबाहेर बघणारी मैनासुद्धा पुढे येऊन बसली.

मग आपल्या गावच्या साप्ताहिकात रावसाहेब घोटेकर यांचं पहिलं प्रवासपत्र छापून आलं. ‘मी त्या भव्य मंदिरात उभा राहिलो आणि माझ्या मनात आले की, आपल्याकडे उंबरा पायांनी झिजतो, येथे पाय ओठांनी झिजला आहे.’ अक्षर न् अक्षर तुझं. एक वाक्य मात्र नाही, दारात जात न विचारल्याचं. आपल्या रामाच्या दारात, आत जाऊ द्या म्हणत, पाच वर्षं माणसं उन्हातान्हात उभी राहिली तेव्हा रावसाहेब कोणत्या बाजूला होते ते गावाला ठाऊक आहे. म्हणजे काय उचलायचं नाही एवढं त्यांना बरोबर कळतं.

मैना अंक घेऊन वर्गात आली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, “बाई, केरूमामांचं पत्र रावसाहेबांनी कुठून वाचलं?” वर्ग हसला. मीही हसले. हसायला नको होतं.

ज्या माणसाने पायऱ्यांच्या भीतीने चाळीस वर्षांत पांडवलेणी पाहिली नाहीत, रंगपंचमीला गाव रहाडीच्या रंगीत पाण्यात उड्या मारतं तेव्हा जो माडीवर छत्री उघडून बसतो, तो आता नाशिकला जग दाखवतो आहे. तू यापुढे त्यांना काही सांगू नकोस. मला सांग.

आशीर्वाद आहेतच, ते बोटीने पोचतात की नाही ते कळव.

तुझी
अक्का


लंडन, १८ मे १९३७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

रागावू नकोस. लिहीत असतील तर लिहू देत. ते माझं आहे हे तुला ठाऊक आहे, मला तेवढं पुरे.

पॅरिसला लोखंडी मनोऱ्याच्या पायथ्याशी रावसाहेब मोटारीने आले, वर बघितलं, पागोटं मागे पडलं, ते उचलून पुन्हा मोटारीत बसले. वर मी गेलो. माणसं मुंगीएवढी दिसतात असं लोक सांगतात. मला मुंगीएवढी नाही दिसली, माणसंच दिसली, एकमेकांना चुकवत चाललेली.

ज्यासाठी एवढं आलो तो नव्या राजाच्या राज्यारोहणाचा सोहळा बुधवारी झाला. रावसाहेबांचं खुर्चीचं तिकीट होतं, पण सकाळी थंडी वाजली म्हणून ते गरम पाण्यात पाय सोडून रेडिओ ऐकत बसले. तिकीटही मला दिलं नाही, आठवण म्हणून ठेवलं. मी गर्दीत उभा राहिलो. पुढे सगळे उंच. शेजारी एक फुलं विकणारी म्हातारी होती, तिच्याकडे पुठ्ठ्याची नळी होती, आत आरसे बसवलेली. त्यातून डोक्यांवरून पलीकडचं दिसतं. ती आम्ही पाळीपाळीने डोळ्याला लावली. राजाची सोन्याची गाडी मला चार बोटांएवढी दिसली. म्हातारी रडत होती. भाषा कळली नाही, पण जत्रेत पालखी आली की आपल्याकडच्या बायका रडतात तशीच रडत होती. हे मी रावसाहेबांना सांगून बसलो आहे. सवय लागली.

लोभ राहू दे, राग निवू दे.

तुझा
केरू


नाशिक, १४ जून १९३७

चि. केरूस अनेक आशीर्वाद वि. वि.

मैनाचा प्रश्न सुट्टीभर गावात फिरला आणि झुंबरबाईंच्या, म्हणजे रावसाहेबांच्या पत्नीच्या कानावर गेला. रावसाहेब आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत हे तुला माहीत आहेच. शाळा उघडली त्याच दिवशी मला नोटीस मिळाली. अध्यक्षांबद्दल विद्यार्थिनींत खोटा समज पसरवल्याबद्दल ऑगस्टअखेर लेखी माफी द्यावी, नाहीतर नोकरी संपली.

मुख्याध्यापिका सगुणाबाईंना मी विचारलं की माफी नेमकी कशाची मागू, भूगोल शिकवल्याची? त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, दोन ओळी लिहून टाका, विधवा बाईला नोकरी सहज मिळत नाही. हे मला त्यांनी सांगायला नको. याच नोकरीवर तुला सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलं.

तू तिथे काही आततायीपणा करू नकोस. परक्या मुलुखात आहेस. पोटभर जेव आणि तोंड सांभाळ. पहिलं जमेल, दुसरं अवघड आहे.

तुझी
अक्का


लंडन, ५ जुलै १९३७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तोंड सांभाळलं नाही.

झुंबरबाईंचं पत्र रावसाहेबांनाही आलं. त्यांनी एक कागद लिहून माझ्यासमोर ठेवला: मी केरू, रावसाहेबांची वही चोरून वाचून बहिणीला पत्रं लिहीत होतो. मला म्हणाले, “सही कर आणि परतीचं तिकीट घे.” मी विचारलं, त्या पितळी संताचा कोणता पाय झिजलाय, उजवा की डावा? त्यांनी कागद आणखी पुढे सरकवला. मग म्हणाले, प्रश्न पायाचा नाही.

मी उलथनं ठेवलं आणि निघालो. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची एक खाणावळ आहे, तिथे चुलीपाशी जागा मिळाली. इथल्या पिठाची भाकरी थापता थापता तुटते. पोरं तुकडे वेचून खातात आणि घरच्यासारखी झाली म्हणतात.

रावसाहेब पंधरा दिवस आणखी लंडनात आहेत. खरं सांगतो, पहिले दोन दिवस ताठ होतो, आता झोप नीट नाही. तू मला वाढवलंस आणि मी तुझी भाकरी घालवतो आहे. तू सांगत असशील तर जाऊन सही करतो. मला फार अपमान वाटणार नाही. तारेने कळव.

तुझा
केरू


तार. नाशिक, १५ जुलै १९३७

सही करू नकोस. अक्का.


नाशिक, २६ ऑगस्ट १९३७

चि. केरूस अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

रावसाहेब आले. स्टेशनावर बँड होता, हार होते. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त रामकुंडावर अर्ध्या तासात उरकलं. मग वाचनालयाच्या दिवाणखान्यात व्याख्यान. बायकांच्या बाजूला मी मैनाला घेऊन बसले होते.

व्हेनिस, रोम, पॅरिस, लंडन असं तासभर ते तुझ्या डोळ्यांनी बोलले. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. म्हातारी रडली तिथे झुंबरबाईंनी पदर लावला. मग पिरॅमिड आले. रावसाहेब घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले की पिरॅमिडचं वर्णन करायला शब्द थिटे पडतात. सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्या वाक्याला पडल्या. मैनाने माझ्याकडे बघितलं. मी या वेळी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघे माझ्या दारात. झुंबरबाईंच्या हातात नारळ. त्यांच्या प्रवासपत्रांचं पुस्तक छापखान्यात अडलं होतं, पिरॅमिडचं प्रकरण कोरं. परतताना बोट लागली म्हणून ते बोटीतून उतरलेच नव्हते. त्यांना वाटलं, मी भूगोल शिकवते, मला पिरॅमिड ठाऊक असतील. चार पानं खरडून द्यावीत. त्यांनी माझी नोटीस खिशातून काढून पाटावर ठेवली आणि म्हणाले, “पानं द्या, ही इथेच फाडतो.”

केरू, माझा हात पुढे गेला होता. पुस्तकांतून चार पानं मला सहज जमली असती आणि वाचणाऱ्या कोणाला कळलंही नसतं. मी तो कागद उचलला, वाचला, आणि त्यांच्या हातात परत दिला. म्हटलं, “पिरॅमिड मी पाहिले नाहीत, रावसाहेब. तुम्हीही नाहीत. आपण दोघांनी मिळून ते लिहू नयेत.”

झुंबरबाईंनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि नारळ ठेवून निघाल्या. पत्रं खरी तुझी होती, हे बहुधा त्यांना तोवर माहीत नव्हतं.

एक तारखेपासून मी घरी. नोकरी गेली, सांत्वन करू नकोस. मैना आणि आणखी सहा मुली दुपारी शिकायला येणार आहेत, त्यातली एक सगुणाबाईंची भाची आहे. पुढे कसं निभेल ते मला माहीत नाही. पुस्तक आलं तर त्यात ते प्रकरण असेल आणि सुंदर असेल. लिहून देणारे नाशकात पुष्कळ आहेत.

तुझ्या तिकिटाची सोय झाली की ये, पण सुएझला उतर. पिरॅमिड नीट बघ आणि सविस्तर लिही. मुली वाट बघताहेत, आणि मीही. आणि ते तुला आवडले नाहीत, तर तसंच लिही.

तुझी
अक्का